दोन अंक, एक्याऐंशी घरं

पाचव्या ओळीतल्या तिसऱ्या घरात १. सहाव्या ओळीतल्या सातव्या घरात २. नऊ बाय नऊच्या पटावर छापलेलं एवढंच. उरलेली ७९ घरं कोरी. वर्तमानपत्रातला सुडोकू रोज सोडवणाऱ्याला हा पट बघून छपाईत काहीतरी राहिलं असं वाटतं, आणि त्याची शंका रास्त आहे. साध्या सुडोकूचं उत्तर एकमेव असायचं तर किमान १७ अंक दिलेले असावे लागतात. डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या चमूने संगणकाकरवी सगळ्या शक्यता चाळून २०१२ मध्ये हे दाखवून दिलं. इथे दोनच अंक आहेत, आणि तरीही उत्तर एकच आहे.

हा सुडोकू मिचेल ली यांनी रचला. मे २०२० मध्ये, जग घरात बसलेलं असताना, सायमन अँथनी यांनी ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या यूट्यूब वाहिनीवर तो कॅमेऱ्यासमोर सोडवला आणि ‘मिरॅकल सुडोकू’ या नावाने तो सर्वदूर पोचला. सुडोकूचे पोटप्रकार त्याआधीही पुष्कळ होते. पण नियम हाच खरा दिलेला मजकूर असतो, छापलेले अंक दुय्यम, हे इतक्या कमी शाईत दाखवणारा दुसरा पट माझ्या माहितीत नाही.

नियम असे. ओळ, रकाना आणि तीन बाय तीनचा चौकोन यांत १ ते ९ एकेकदा, हा नेहमीचा. त्यावर तीन बंधनं. पहिलं राजाचं: बुद्धिबळातला राजा एका चालीत जिथे जाऊ शकतो तिथे तोच अंक नको. दुसरं घोड्याचं: अडीच घरांवर तोच अंक नको. तिसरं शेजाऱ्याचं: ज्या दोन घरांची कड सामाईक आहे, त्यांत लागोपाठचे अंक नकोत. ४ च्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ३ किंवा ५ येणार नाही.

सोडवायला घेण्याआधी या तीन नियमांपैकी कोण कसलं काम करतो ते पाहून घ्यावं. राजा आणि घोडा यांना अंकाच्या किमतीशी देणंघेणं नाही. अंकांच्या जागी नऊ रंग असते तरी ते दोन्ही नियम तसेच लागू झाले असते. त्यामुळे फक्त हे दोनच नियम असते तर सापडलेल्या कुठल्याही उत्तरात ३ ते ९ या सात अंकांची आपसात हवी तशी अदलाबदल करता आली असती, आणि एका उत्तराची निदान ५,०४० उत्तरं झाली असती. अंकांना अंकपण देतो तो शेजाऱ्याचा नियम. ३ हा २ च्या शेजारी चालत नाही आणि ७ चालतो, हा फरक फक्त त्याच्यामुळे पडतो. पण त्याच्यातही एक पळवाट आहे: भरलेल्या पटातला प्रत्येक अंक १० मधून वजा केला (१ चा ९, २ चा ८, असं), तरी लागोपाठपणा जसाच्या तसा राहतो. ही आरशातली प्रतिमा कटवायची तर एखादा तरी अंक छापावाच लागतो. आणि छापलेले दोन अंक लागोपाठचे निवडले आहेत, ही रचनाकाराची हुशारी. १ आणि २ एकमेकांच्या शेजाऱ्यांना अडवतात. जे काम राजा-घोडा अर्धवट सोडतात ते इथे पुरं होतं.

आता पट. पुढे घर ‘५-३’ म्हटलं की पाचवी ओळ, तिसरा रकाना. आधी ओळ, मग रकाना. ज्यांना स्वतः झटापट करायची आहे त्यांनी इथेच थांबून कागद घ्यावा. पुढे पहिल्या बारा घरांची उकल आहे.

सुरुवात ५-३ मधल्या १ पासून. साध्या सुडोकूत कुठलाही अंक २० घरं अडवतो. इथे हा १ अठ्ठावीस अडवतो: राजामुळे शेजारच्या चौकोनातली ४-४ आणि ६-४, घोड्यामुळे ४-५, ६-५, ३-२, ३-४, ७-२ आणि ७-४ ही जास्तीची. मधोमधच्या चौकोनाकडे बघा. पाचवी ओळ गेली, चौथा रकाना गेला, ४-५ आणि ६-५ गेले. १ साठी उरली दोनच घरं, ४-६ आणि ६-६. पण ६-६ च्या उजव्या हाताला ६-७ मध्ये २ बसलेला आहे, त्याला चिकटून १ येणार नाही. म्हणजे १ चं घर ४-६. लगेच उजवीकडच्या चौकोनात या. चौथी आणि पाचवी ओळ १ ने भरली, सहाव्या ओळीत ६-७ मध्ये २ आहे आणि ६-८ त्याला चिकटून आहे. १ जातो ६-९ मध्ये.

आता हाच पट्टा २ च्या नजरेने. मधोमधच्या चौकोनात सहावी ओळ बंद, ५-५ वर घोडा, ५-६ वर राजा, ४-६ मध्ये १ बसलेला. उरली ४-४, ४-५ आणि ५-४. यातलं ४-५ हे ४-६ मधल्या १ ला चिकटलेलं, ५-४ हे ५-३ मधल्या १ ला. म्हणून ४-४ मध्ये २. मग डावीकडच्या चौकोनात २ फक्त पाचव्या ओळीत येऊ शकतो. ५-३ मध्ये १, ५-२ त्याला लागून, म्हणून ५-१. मधल्या तीन ओळींतले १ आणि २ संपले. एकदाही ‘समजा इथे अमुक असेल तर’ असं म्हणावं लागलेलं नाही.

यापुढची वाट मला सगळ्यांत देखणी वाटते, कारण ओळीमागून ओळ एकेका घरावर येऊन थांबते. तिसऱ्या ओळीत १ कुठे? ३, ६, ९ हे रकाने बंद. ३-२ वर ५-३ चा घोडा. ३-४ वर तर दोन घोडे, ५-३ चा आणि ४-६ चा. ३-८ वर ४-६ चा घोडा, ३-५ आणि ३-७ वर ४-६ चा राजा. उरलं ३-१, बाकी काही नाही. सातव्या ओळीत तसंच: ७-२ आणि ७-४ वर ५-३ चे घोडे, ७-७ वर ६-९ चा घोडा, ७-८ वर त्याचाच राजा, पहिला रकाना नुकताच बंद झाला. १ जातो ७-५ मध्ये. खालच्या उजव्या चौकोनात ८-८ वर ६-९ चा घोडा आहे आणि ८-७ वर ७-५ चा. तिथला १ नवव्या ओळीतच असणार. म्हणजे खालच्या डाव्या चौकोनातला १ आठव्या ओळीत, घर ८-२.

२ ची साखळी याच चालीने पुढे सरकते. सातव्या ओळीत ७-२ वर ५-१ चा घोडा, ७-५ मध्ये १, ७-६ आणि ७-८ वर ६-७ चा राजा, ७-९ वर त्याचा घोडा, म्हणून ७-३. आठव्या ओळीत ८-२ मध्ये १ आहे, ८-५ हे ७-५ मधल्या १ च्या बरोबर खाली आहे, ८-६ आणि ८-८ वर ६-७ चे घोडे आहेत, म्हणून ८-९. तिसऱ्या ओळीत ३-२ हे ३-१ मधल्या १ ला लागून, ३-३ आणि ३-५ वर ४-४ चा राजा, ३-६ वर त्याचा घोडा, नववा रकाना आता बंद, म्हणून ३-८. दुसऱ्या ओळीत मोकळे रकाने तीन: २-५ वर ४-४ चा घोडा, २-६ वर नव्या ३-८ चा, म्हणून २-२. आणि त्याच ओळीत १ साठी २-७ वर ४-६ चा घोडा, २-८ च्या खाली ३-८ मध्ये २, म्हणून २-४.

सात १ आणि सात २. उरलेले दोन-दोन पहिल्या आणि नवव्या ओळीत अडकतात. १ ला सातवा किंवा आठवा रकाना, २ ला पाचवा किंवा सहावा. १-७ मध्ये १ आला तर १-६ मध्ये २ येणार नाही, आणि खालीही तशीच गाठ. त्यामुळे दोन्ही जोड्या एकमेकींना बांधलेल्या आहेत, पण कुठली बाजू खरी हे १ आणि २ एवढ्यांवरून ठरत नाही. इथे बरेच जण तासभर घालवतात. हा तिढा सोडून द्यायचा आणि ३ कडे वळायचं. बसलेला प्रत्येक २ आपल्या चारही शेजाऱ्यांना ३ नाकारतो, आणि सात २ मिळून पटाचा मोठा भाग ३ साठी बंद करतात. डावीकडच्या मधल्या चौकोनातच बघा: ४-१, ५-२ आणि ६-१ ही ५-१ ला लागून, ४-३ हे ४-४ ला लागून, ६-३ हे ७-३ च्या डोक्यावर. ३ साठी उरली ४-२ आणि ६-२. दोन्ही एकाच रकान्यात, म्हणजे दुसऱ्या रकान्यात वर-खाली कुठेच ३ नाही. मग ३ वरून ४, ४ वरून ५, असं चढत जायचं. पटावर न छापलेले सात अंक एकेक करून असे उगवतात.

चुका कुठे होतात, तेही सांगायला हवं. पहिली आणि सगळ्यांत जास्त होणारी: शेजाऱ्याचा नियम तिरक्या घरांना लावणं. राजाचा नियम आठही दिशांना लागतो आणि त्यात तोच अंक नको असतो. शेजाऱ्याचा नियम चारच दिशांना लागतो आणि त्यात लागोपाठचा अंक नको असतो. दोन्ही एकदम डोक्यात ठेवताना ते एकमेकांत मिसळतात आणि ४ च्या तिरक्या घरातला बिचारा ५ उगाच खोडला जातो. दुसरी: ९ आणि १ यांना लागोपाठचे समजणं. ते तसे नाहीत. १ आणि ९ यांना लागोपाठचा एकेकच अंक आहे, बाकी सगळ्यांना दोन-दोन. टोकाचे अंक बसवायला सोपे जातात ते याच कारणाने. तिसरी: घोडा एका बाजूलाच फिरवणं. पटाच्या मध्यभागी घोड्याला आठ घरं असतात, आणि खालच्या बाजूची चार नजरेतून निसटतात. नवा अंक लिहिला की घड्याळाच्या दिशेने आठही घरं बोट ठेवून मोजावीत. हे कंटाळवाणं असलं तरी वाचवणारं आहे.

चौथी चूक सवयीची. पुष्कळ लोक सुरुवातीलाच प्रत्येक घरात सगळ्या शक्यता बारीक अक्षरात लिहून काढतात. या पटावर तसं केलं तर ७९ घरांत सहा-सात अंकांची गर्दी होते आणि त्यातून काहीच दिसत नाही. तीन वेळा जागतिक सुडोकू विजेता ठरलेल्या थॉमस स्नायडर यांच्या नावाने ओळखली जाणारी नोंदपद्धत इथे फार उपयोगी पडते: एखाद्या अंकाला एका चौकोनात फक्त दोनच जागा उरल्या असतील तेव्हाच त्या दोन घरांच्या कोपऱ्यात तो बारीक लिहायचा, एरवी कागद कोरा ठेवायचा. वर १ आणि २ बसवताना ज्या जोड्या आल्या त्या सगळ्या याच मापात बसतात. घराच्या मध्यभागी शक्यता लिहायची वेळ शेवटच्या तिसऱ्या भागात येते, तेव्हा त्या लिहाव्यात.

पूर्ण झालेल्या पटाची पहिली ओळ अशी निघते: ४ ८ ३ ७ २ ६ १ ५ ९. हिच्याकडे थोडं थांबून बघा. प्रत्येक अंकात ४ मिळवा, ९ च्या वर गेलं तर ९ वजा करा. पुढचा अंक मिळतो. ४ चे ८, ८ चे १२ म्हणजे ३, ३ चे ७. शेवटच्या ९ वरून पुन्हा ४. ही नऊ अंकांची बंद साखळी आहे, आणि पटाच्या नऊच्या नऊ ओळी म्हणजे हीच साखळी वेगवेगळ्या जागी तोडलेली: दुसरी ओळ ७ पासून सुरू होते, तिसरी १ पासून, चौथी ८ पासून, पुढे २, ५, ३, ६ आणि ९. त्यामुळे आडव्या शेजाऱ्यांत फरक नेहमी ४ किंवा ५ चा. उभ्या शेजाऱ्यांत चौकोनाच्या आत ३ किंवा ६ चा, आणि चौकोनाची हद्द ओलांडताना २ किंवा ७ चा. १ चा फरक कुठे शिरायला जागाच नाही. हे आधी कळलं असतं तर पट दोन मिनिटांत भरला असता. पण आधी ते कळत नाही, आणि सोडवताना या साखळीवर विसंबूनही चालत नाही, कारण नमुना दिसला म्हणून भरलेलं घर सिद्ध झालेलं नसतं. शेवटी तो नमुना आपोआप समोर येतो तेव्हाचा आनंद मात्र वेगळाच आहे. तीन रूक्ष मनाई आणि त्यांच्यातून एवढी शिस्तबद्ध वीण.

सुडोकूचा मूळ नियम १९७९ पासून जसाच्या तसा आहे, हॉवर्ड गार्न्स यांनी अमेरिकेतल्या डेलच्या कोड्यांच्या मासिकात तो ‘नंबर प्लेस’ नावाने दिला तेव्हापासून. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशनसंस्थेने तो उचलला, २००४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आला आणि तिथून आपल्याकडच्या पुरवण्यांतही. नंतर जे काही नवं झालं ते या नियमावर चढवलेल्या बंधनांत झालं. जागतिक सुडोकू स्पर्धेत, जी २०१७ मध्ये बेंगळुरूला भरली होती, साध्या सुडोकूच्या बरोबरीने असे प्रकार असतातच. नुसता वेग तिथे पुरत नाही.

मिरॅकलच्या पटावरून उठून नवा प्रकार हाती घ्यायचा तर टिंबांचा, म्हणजे क्रॉपकी सुडोकू घ्यावा, असं माझं मत आहे. दोन घरांच्या मधल्या कडेवर पांढरं टिंब असेल तर त्यांतले अंक लागोपाठचे. काळं असेल तर एक दुसऱ्याच्या दुप्पट. १ आणि २ यांच्यात दोन्हींपैकी कुठलंही चालतं. काळ्या टिंबाच्या जोड्या चारच होतात: १-२, २-४, ३-६ आणि ४-८. म्हणजे ५, ७ आणि ९ काळ्या टिंबाला कधीच लागत नाहीत. एकाच ओळीत दोन काळी टिंबं लागून आली तर त्या तीन घरांत १-२-४ किंवा २-४-८ एवढंच बसतं, सरळ किंवा उलट. २ आणि ४ दोन्ही वेळा आहेतच, तेव्हा ओळीतल्या उरलेल्या सहा घरांतून ते ताबडतोब खोडावेत. ३-६ ची जोडी अशा दुहेरी साखळीत येऊच शकत नाही.

पण खरी मजा नियमाच्या तळाशी लिहिलेल्या एका वाक्यात असते: ‘सर्व टिंबं दिलेली आहेत.’ ते वाक्य आहे की नाही हे सुरू करण्याआधी तपासावं. नसेल, तर टिंब नसलेली कड काहीच सांगत नाही. असेल, तर प्रत्येक कोरी कड मिरॅकलमधल्या शेजाऱ्यासारखी वागते, उलट त्याहून कडक. २ च्या ज्या बाजूला टिंब नाही तिथे १, ३ आणि ४ तिन्ही येत नाहीत. ४ च्या कोऱ्या बाजूला २, ३, ५ आणि ८ येत नाहीत, म्हणजे १, ६, ७, ९ एवढेच शिल्लक. नवखे लोक टिंबांभोवतीच घुटमळतात. एखाद्या चौकोनात टिंबं अगदीच थोडी असतील तर तिथे आधी ४ शोधावा: कोऱ्या शेजाऱ्यांचे सर्वाधिक पर्याय, चार, कापणारा अंक १ ते ९ मध्ये फक्त ४ हाच आहे. चौकोनाच्या मध्यभागी चारही कडा कोऱ्या असतील आणि तिथे ४ बसला, तर त्याच्या चार बाजूंना १, ६, ७, ९ यांनीच यायचं, आणि चार कोपऱ्यांत २, ३, ५, ८ यांनी.